झालरीच्या टोपीतला आंबा

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर मिळून सूर्याला रोज तोंडावर शिव्या देणारा माणूस एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला भाटोजी म्हणून आला. भाटोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ब्रह्मपुरीत त्यांचं बिछायत केंद्र आहे. लग्नाचा मांडव, दऱ्या, नवरदेव-नवरीला बसायच्या सोनेरी पायांच्या खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज आणि कपाटाएवढाले लोखंडी कूलर असं सगळं ते भाड्यानं देतात. होळी पेटून गेली की आमच्याकडची शहाणी माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून सावली धरतात. भाटोजी नेमके तेव्हा उघड्या डोक्यानं अंगणात येतात, कमरेवर हात ठेवून वर बघतात आणि विचारतात, "काऊन बे, आतापासूनच सुरू झाला का? वैशाख कोनासाठी ठेवला मंग?" समोर नवीन राहायला आलेल्या एका सज्जन गृहस्थाला वाटलं, हे गच्चीवरच्या कोणाशी तरी भांडताहेत. ते समजूत घालायला आले, आणि भाटोजींच्या घराला गच्चीच नाही हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत त्यांनाही चार शब्द ऐकावे लागले.

भाटोजींना राग कशाचा येत नाही ते सांगणं सोपं पडेल. झोपेचा येत नाही, कारण झोपेत ते स्वतःच ओरडतात. बाकी लाईट गेली की राग, लाईट येऊन पंखा हळू फिरला की राग, पाहुणे उशिरा आले की राग आणि वेळेवर आले तर "यायले काई कामधंदे नाईत का?" म्हणून राग. मोबाईलवर हवामान सांगणारी बाई गोड आवाजात 'तुरळक ठिकाणी गारपीट' म्हणाली की भाटोजी मोबाईल तोंडासमोर धरून तिला विचारतात, "तुरळक म्हंजे कुठी ते सांग ना! माह्या अंगनात का दुसऱ्याच्या?" आणि उत्तराची खरोखर वाट बघतात. माझी बहीण, जिला मी बाई म्हणते, कित्येक वर्षं हा आरडाओरडा ऐकत शांतपणे भाजी निवडते आहे. मी मात्र ऐकून घेणारी नाही. मी पलीकडच्या गल्लीत ब्लाऊज शिवते, शिलाई मशीनच्या खडखडाटावरून माझा आवाज रस्त्यापर्यंत जातो, आणि भाटोजींशी माझं भांडण झालं नाही असा एकही उन्हाळा मला आठवत नाही. हे लिहितानासुद्धा मी चिडलेलीच आहे. त्याचं कारण एक आंब्याचं झाड आहे.

आमचं माहेर गडचांदूरकडे, एका लहानशा गावात. 'होतं' म्हणायला पाहिजे, पण माझी जीभ तिथे अडते आणि अडते तेच बरं आहे. त्या गावाखाली चुनखडी निघाली. वर माणसं राहतात हे इतकी वर्षं कोणाला दिसलं नव्हतं, खाली दगड आहे हे मात्र लगेच दिसलं. आता तिथे गाव नाही, विहीर नाही, मारुतीचा पार नाही. एक भलामोठा खड्डा आहे आणि त्याच्या तळाशी हिरवं पाणी साचतं. खड्डा बघून आलेले लोक मला कौतुकानं सांगतात की पाणी फार सुंदर दिसतं, फोटो चांगले येतात. अशा वेळी माझ्या हातात कात्री असली तर मी ती आधी खाली ठेवते.

त्या गावात, आमच्या अंगणात, बाबांचा शेप्या आंबा होता. त्याच्या कैरीचा चीक बोटाला लागला की बडीशेपेचा वास यायचा, आणि हात कितीही धुतला तरी तो वास संध्याकाळपर्यंत जायचा नाही. पान चुरगळलं तर मात्र कसलाच वास नाही. जे काही होतं ते फळात. आमचे बाबा म्हणजे अगदी मऊ माणूस. त्यांना रागावता येत नसे, आणि खोटं तर मुळीच बोलता येत नसे. बैल विकायला बाजारात नेला की गिऱ्हाइकानं दात बघायच्या आत ते स्वतःच सांगून टाकायचे, "हा नांगराले बसते बाप्पा, पाहून घे," आणि बैल घेऊन घरी परत यायचे. कोणाच्या भल्यासाठी एखादी गोष्ट लपवायची वेळ आलीच तर ते आधी उगीच घसा खाकरायचे, आणि मग घरातलं लहान पोरही ओळखायचं की आता हे खोटं बोलणार. आम्ही दोघी बहिणी अशा बापाच्या पोटी इतक्या तोंडाळ कशा निघालो, हे गावाला कधी कळलं नाही.

गाव उठायच्या त्या शेवटच्या उन्हाळ्यात भाटोजी बाबांचं सामान न्यायला आपला टेम्पो घेऊन आले. लोक कपाटं, पलंग, दरवाजांच्या चौकटीसुद्धा काढून गाड्यांत भरत होते. भाटोजींनी टेम्पोतून लग्नाच्या वरणाचा सगळ्यात मोठा गंज उतरवला, झाडाखाली नेऊन ठेवला आणि पाडाचे सगळे आंबे खायला गावाला बसवलं. म्हणजे तसं त्यांनी प्रेमानं सांगितलं नाही. "खा अन् कोय गंजात टाका! कोय कोनी घरी नेली तं पाहा!" असं ते एकेकाच्या अंगावर ओरडत होते. शेजारची म्हातारी माणसं आधीच रडवेली झालेली; ती घाबरून आंबे खाऊ लागली. बाबा खोडाला टेकून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. भाटोजी त्यांच्यासमोर उभे राहून गरजले, "रडून कायले राह्यले मामाजी? झाड मेलं नाई तुमचं. हे पाहा, गंजात आहे!" बाबांनी डोळे पुसले, गंजात वाकून पाहिलं आणि टेम्पोत निमूटपणे गंजाशेजारी जाऊन बसले. पलंग त्या दिवशी गावातच राहिला, आणि त्यावरून मी भाटोजींशी जे भांडले ते ब्रह्मपुरी येईपर्यंत.

कोया बिछायतीच्या गोदामामागच्या अंगणात लावल्या. बाजारात कलमं विकणारा एक माणूस कूलर न्यायला आला होता, त्यानं अंगण पाहिलं आणि शहाणपण सांगितलं, "भाऊ, कोयीचा आंबा बापासारखा निघनच याचा काई भरोसा नसते. त्यापेक्षा कलम लावा." भाटोजींनी आधी बाईकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. "ह्या दोघी कुठी बापासारख्या निघाल्या? म्हनून काय फेकून द्याच्या?" तो माणूस कूलर न घेताच गेला. बाबा ओट्यावर बसून हसत होते. गाव सुटल्यानंतर ते पहिल्यांदा हसले ते तेव्हा, एवढं भाटोजींच्या बाजूनं मी लिहून ठेवते.

पावसाळ्यात कोया फुटल्या, हिवाळ्यात रोपं तांबूस कोवळी पानं मिरवत वर आली, आणि फाल्गुन लागताच भाटोजींचं युद्ध सुरू झालं. आमच्याकडचा वसंत पुस्तकातल्यासारखा नसतो. सकाळी पळस लालबुंद फुललेला दिसतो, दुपारी तेच ऊन कोवळं पान कुरडईसारखं तळून काढतं, आणि चार वाजता कुठून तरी वावधान सुटतं, टिनाचे पत्रे उडतात आणि गारा पडतात. म्हणजे झाकावं तर रोप उकडून मरतं आणि उघडं ठेवावं तर ठेचून मरतं. भाटोजींनी बुडाशी धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरली. भोक पाडून वात बसवलेली मडकी मुळांशी पुरली, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं पाझरत राहतं. दुपारी ओली पोती बांबूवर टाकायची, ऊन कललं की काढायची, आभाळ काळं झालं की टोपल्या पालथ्या घालायच्या, गारा थांबल्या की टोपल्या उचलायच्या. हे सगळं ते शिव्या देत करायचे. सूर्याला वेगळ्या, ढगांना वेगळ्या. टोपली उचलताना आतल्या रोपालाही, "काय मरगळून राह्यला? भाड्यानं आनला का तुले?" असं दरडावून विचारायचे.

मग एक दिवस ते माझ्या दुकानात आले आणि मांडवाच्या कापडाचा एक गठ्ठा त्यांनी माझ्या मशीनवर आदळला. म्हणाले, "लहाने, याच्या टोप्या शिवून दे." लहानी म्हणजे मी, धाकटी. लग्नसराई तोंडावर, माझ्याकडे खुंटीवर ब्लाऊजचा ढीग, बाहेर नवरीची मावशी हटून बसलेली, आणि हा माणूस म्हणतो झाडांना टोप्या शिव. मी नाही म्हणाले. ते दुकानाच्या दारातच उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागले, "हिले बापाचं झाड नाई पाह्यजे." अर्ध्या तासात मी कापड हातात घेतलं. कापड गुलाबी साटिनचं, खाली सोनेरी झालर. मी झालर उसवायला गेले तर ते ओरडले, "झालर राहू दे! हवेनं हालते, पाखरं येत नाईत!" त्या उन्हाळ्यात बिछायत केंद्राच्या मागे आंब्याची रोपं गुलाबी झालरीच्या टोप्या घालून ओळीनं उभी होती, आणि रस्त्यानं जाणारी शेअर जीप तिथे हळू व्हायची. जीपमधले लोक हसायचे. भाटोजी त्यांच्यावर ओरडायचे आणि आतून मीसुद्धा ओरडायचे, कारण शेवटी शिवण माझी होती.

वैशाखात टोप्या पुरेनात. नदीकडच्या एका गावात लग्न होतं, कूलर भाटोजींचे. वरात दारात आली आणि नवरदेवाच्या बाजूचा कूलर गायब. भाटोजींनी तो भर दुपारी टेम्पोत टाकून घरी आणला होता आणि रोपांच्या ओळीसमोर लावून, पाणी भरून, वाळ्याच्या ताट्या भिजवून जोरात सोडला होता. नवरीचा बाप तिथून मोटारसायकलवर आला, घामानं निथळत, फेटा सुटलेला. "भाऊ, माहा जावाई घामानं भिजून राह्यला अन् तुम्ही झाडाले हवा देऊन राह्यले?" भाटोजी त्याच्याहून चढ्या आवाजात म्हणाले, "जावायाले घाम आला तं रुमालानं पुसन! ह्यायले हात आहेत का?" नवरीच्या बापानं रोपांकडे पाहिलं, गुलाबी टोप्यांकडे पाहिलं, आणि कूलरच्या झोतात जरा वेळ स्वतःच उभा राहिला. त्या दिवशी लाईट गेली आणि कूलर दोन्ही पक्षांच्या कामाचा राहिला नाही. बरीचशी रोपं त्या दुपारी करपली. संध्याकाळी बाबा एकेका वाळक्या काडीवरून हात फिरवत होते आणि भाटोजी विजेच्या खांबाला उद्देशून असं काही बोलत होते की बाईनं मला कानावर हात ठेवायची खूण केली.

पुढच्या वर्षी लग्नांच्या तिथी इतक्या दाट आल्या की गोदामात कापडाची चिंधी उरली नाही. भाटोजी जंगलाकडून जांभळाच्या डहाळ्या गाडीभर घेऊन आले, बांबू रोवले आणि उरलेल्या रोपांवर हिरवागार मांडव घातला. सावली अशी सुरेख पडली की आम्ही सगळे दुपारी त्यातच जाऊन बसू लागलो. अडचण एवढीच झाली की आमच्याकडे घरापाशी हिरव्या डहाळ्यांचा मांडव पडला म्हणजे त्या घरात लग्न आहे, हे कोणाला सांगावं लागत नाही. भाटोजींची मुलगी तेव्हा नागपूरला शिकत होती. बँडवाला सुपारी घ्यायला आला. आचारी आला. आणि तिसऱ्या दिवशी आरमोरीची भाटोजींची मावशी, हातात आहेराचं लुगडं आणि चेहऱ्यावर आयुष्यभराचा अपमान घेऊन टेम्पोतून उतरली. "लेकीचं लगन काढलं अन् मले सांगतलं नाई! मी का मेली होती?" भाटोजी म्हणाले, लग्न नाही, झाडं आहेत. मावशी आणखी भडकली. लग्नाचा मांडव लग्नाशिवाय घातला, हे तर तिच्या मते न बोलावण्यापेक्षाही वाईट होतं. "हिरवा मांडव रिकामा ठेवत नाईत! कोनाले तरी हयद लागलीच पाह्यजे!" दोघं इतक्या जोरात भांडले की शेजारपाजारच्या बायका पदर खोचून जमल्या, आणि जमल्याच आहेत तर म्हणून मावशीनं आत जाऊन हळद कालवली आणि एकेका रोपाच्या खोडाला लावत, रडक्या रागीट आवाजात हळदीची गाणी म्हणायला सुरुवात केली. बायकांनी सूर धरला. बाबांनी सगळ्यांना गूळ-पाणी दिलं. भाटोजी कोपऱ्यात हात बांधून धुसफुसत होते, पण मावशी एक रोप विसरली तेव्हा, "ते राह्यलं ना त्या कडचं! त्याले काऊन नाई?" असं तेच ओरडले.

इतकं करूनही रोपं गेलीच. काही वावधानानं मोडली. एक शेजारच्या बकरीनं टोपीसकट खाल्लं; बकरीच्या मालकिणीला भाटोजी अक्षरही बोलले नाहीत, पण बकरी गल्लीत दिसली की ते तिला थांबवून तिच्या तोंडावर जे असेल ते बोलत, आणि ती झालरीची आठवण काढत रवंथ करत उभी राही. शेवटी एकच झाड राहिलं. ते बाबांच्या कमरेला लागलं, मग खांद्याला. बाबा आता पार थकले होते. रोज सकाळी झाडाशी उभे राहून ते विचारायचे, "जावाईबाप्पू, फळ कवा येईन?" आणि भाटोजी खेकसायचे, "घाई काय आहे? तुम्हाले कुठी जायचं आहे?" शेवटच्या आजारपणात तर ते बाबांवर रोजच ओरडत होते. फळ खाल्ल्याशिवाय जायचं नाही, मी जाऊ देणार नाही, असं बजावत होते. बाबांनी त्यांचं बाकी सगळं आयुष्यभर ऐकलं, हे एक ऐकलं नाही. त्या वर्षी मी भाटोजींवर खूप चिडले, म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का म्हणून. बाई मला म्हणाली, "बोलू दे त्याईले. बाबाले बरं वाटते." मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

नंतर ती मोठी साथ आली. भाटोजी वाचले, पण त्यांचं नाक गेलं ते गेलंच. आता वरण करपलं तरी त्यांना कळत नाही, आणि करपलेलं वरण पुढ्यात आल्यावर ते रागावतात तेही वरणावर. झाड दरम्यान वाढत होतं आणि भाटोजी त्याला अजून रोपच समजत होते. झाड उंच झालं तसे बांबू उंच झाले. कोणत्याही लग्नाला मिळाला नसेल असा खासा मांडव फाल्गुनात त्याच्यावर चढायचा आणि मृगात उतरायचा. लोक म्हणत, "भाऊ, आता झाड मोठं झालं, सोडा त्याले." भाटोजी विचारत, "तू मोठा झाला तं तुह्या घरचं छप्पर काढलं का कोनी?"

यंदा माघात झाडाला पहिल्यांदा मोहोर आला. भाटोजींनी तो पाहिला आणि मोहोराला दम भरला, "आलास? आता टिकून राह्य." मी गिऱ्हाइकं सोडून बघायला गेले. बाई तिन्हीसांजेला झाडापाशी दिवा ठेवू लागली, पण फळाविषयी ती एक शब्द बोलत नव्हती. कलमवाल्याचं ते बोलणं आम्ही कोणीच विसरलो नव्हतो. बापासारखं निघेल की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कैरी धरेपर्यंत मिळणार नव्हतं. चैत्रात बोराएवढ्या कैऱ्या दिसू लागल्या.

आणि मग त्या दिवशी दुपारी चार वाजता आभाळ जांभळं झालं. मी मशीनवरून उठून धावले. मी पोचले तेव्हा वावधानानं मांडवाचं एक टोक उडवून नेलं होतं आणि भाटोजी दोन्ही हातांनी बांबू धरून ढगांना नावानिशी शिव्या घालत होते. मी दुसरा बांबू धरला. गारा सुरू झाल्या. डोक्यावर, खांद्यावर, बोटांवर सडासड बसत होत्या आणि आम्ही दोघं आभाळाकडे तोंड करून ओरडत होतो. कोण काय ओरडत होतं ते कोणालाच ऐकू येत नव्हतं. कापड डाव्या कोपऱ्यापासून टराटर फाटत गेलं. मग बांबूच आमच्या हातांतून निघून गेला.

गारा थांबल्या तेव्हा अंगण पांढरं झालं होतं. पांढऱ्यावर हिरवी पानं, आणि पानांत सगळीकडे बोराएवढ्या कैऱ्या. भाटोजी बघत उभे राहिले. मी वाट पाहिली. आता फुटतील, आता वर बघतील, आता त्या वरच्याला सोडणार नाहीत. सगळ्या आयुष्यात मी त्यांना गप्प पाहिलं ते तेव्हाच, आणि मला त्याची इतकी भीती वाटली की मीच वर बघून किंचाळले, "झालं का समाधान? झालं का रे?" भाटोजींनी माझ्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. ते गारांत गुडघे टेकून बसले, चाचपून चाचपून त्यातल्या त्यात मोठी कैरी त्यांनी शोधली, देठ मोडला आणि ती माझ्या हातावर ठेवली.

"हुंग," ते म्हणाले. "बाईले म्हनलं मी. ते हुंगाले नाई म्हनते."

बाई मागच्या दारात चौकट धरून उभी होती आणि दुसरीकडे बघत होती.

मी कैरी नाकाशी नेली. गारेनं थंडगार झाली होती. देठातून चिकाचा एक थेंब आला होता, तो मी बोटावर घेऊन हुंगला. पुन्हा हुंगला. दुसरी कैरी उचलली, तिचा देठ मोडला, ती दातांनी फोडली. कैरीचाच वास होता. चांगला, आंबट, कुठल्याही गावच्या कुठल्याही कैरीला येतो तसा वास. मी डोळे मिटून बडीशेप शोधली. आमचं अंगण शोधलं. ते त्यात नव्हतं.

भाटोजी खालूनच माझ्याकडे बघत होते.

मी घसा खाकरला. "शेप्याच आहे, भाटोजी," मी म्हणाले. "थेट."

मग इतक्या हळू, की त्यांचाच आवाज आहे हे मला कळायला क्षण गेला, ते म्हणाले, "मामाजीबी असेच खाकरत होते."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. धोतराच्या सोग्याला लागलेल्या गारा त्यांनी झटकल्या, दाराकडे तोंड केलं, आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात गरजले, "शेप्याच निघाला! ऐकलं का? दारात उभी राहून काय पाहून राह्यली? सुतळी आन! डावा कोपरा सगळा फाटला!"

बाई पदरानं तोंड पुसत आत गेली आणि सुतळीचा गुंडा घेऊन आली. "येऊन राह्यली नं," ती म्हणाली, "ओरडता कायले?" तिनं कैरी मागितली नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. मधल्या फांदीवर पानांच्या आड काही कैऱ्या तगल्या होत्या. आम्ही तिघांनी फाटलेलं कापड त्यांच्यावर ताणलं. भाटोजी गाठ मारत होते आणि गाठ नीट बसत नाही म्हणून सुतळीवर ओरडत होते. माझ्या बोटांना चिकाचा आंबट वास येत होता. संध्याकाळपर्यंत मी हात धुतले नाहीत.